शिवणाच्या खोलीतला शहाणा पडदा

हाताने दोन सेकंदांत ओढता येणारा पडदा मी तीन महिने खपून आपोआप वर-खाली होणारा केला, आणि लावला कुठे, तर बायको गावभरच्या बायकांची मापं घेते त्या खोलीच्या खिडकीला. चूक एवढीच. पुढे जे सांगतो आहे तो त्या चुकीचाच पसारा.

मी मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. हा विषय शिकवणाऱ्या माणसाची एक ठरलेली गोची असते. फळ्यावर मोटरची आकृती काढता आली, बाण बरोबर दिशेला पडले, की आपल्याला मोटर येते असं त्याला वाटायला लागतं. प्रयोगशाळेत मुलांच्या यंत्राचा काटा हलला नाही की मी चष्मा वर करून म्हणतो, "कुठं तरी जोडणी सैल आहे," आणि परिचराकडे पाहतो. तो येऊन दोन वायरी दाबतो. काटा हलतो. मुलं माझ्याकडे आदराने पाहतात. एवढ्या भांडवलावर मी घर स्मार्ट करायला निघालो होतो.

बायको ब्लाउज शिवते. रस्त्याकडची खोली तिच्या कामाची. खोलीला एकच मोठी खिडकी, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पानठेला, पानठेल्यापुढे लाकडी बाक आणि बाकावर चार-पाच माणसं. या माणसांना शेती आहे, कापूस आहे, घरी म्हशी आहेत, पण पाहावं तेव्हा ती बाकावर. खिडकी उघडी असली की अख्खा बाक खोलीत येतो. झाकली की दोऱ्याचा रंग कळत नाही. "मोरपंखी आन हिरवा एकच दिसते मंग," बायको म्हणायची. म्हणून तिने खिडकीला दोरी बांधून एक जुनी चादर लावली होती. शिवताना चादर बाजूला, माप घेताना पुढे. वर्षानुवर्षं चाललं होतं. चादरीला कधी चार्जिंग लागलं नाही.

मग मागच्या दिवाळीनंतर बसस्टँडजवळ एका बाईंनी शिवणाचं नवं दुकान टाकलं. आत ट्रायलरूम. सनमाइकाचा दरवाजा, आतून कडी, माणसाएवढा आरसा. बायकोची गिऱ्हाइकं तोंडाने काही बोलली नाहीत, फक्त यायची कमी झाली. त्यात आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांच्या पुतणीचं लग्न ठरलं, मुलगा वडनेर भोलजीचा. नवरीचे आणि घरातल्या सगळ्या बायांचे ब्लाउज बायकोकडे आले. बायको मला म्हणाली, "हे काम नीट झालं त पुरी लगनसराई आपल्या दारात. नाई झालं त बसस्टँडच्या दारात." आणि मग तिने मागणी केली. आयुष्यात तिने माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या, त्यातली ही एक.

"कोपऱ्यात एक आडवी काठी ठोकून द्या. जाडा पडदा मी शिवून टाकते. बाई आत उभी राह्यली की झालं. सुतारालेच सांगतलं असतं, पन तो लग्नाचे पलंग करून राह्यला."

काठी! एमएस्सी झालेल्या माणसाने भिंतीत खिळा ठोकून काठी अडकवायची! मी हसलो. आता आठवलं की ते हसू माझं मलाच ओळखू येत नाही, एखाद्या बावळट पाहुण्याचं असावं तसं वाटतं.

"कोपरा काऊन?" मी म्हणालो. "खिडकीचाच बंदोबस्त करतो. असा करतो की बसस्टँडवाली पाहायले येईन."

त्या सुमारास मी व्हिडिओ पाहत असे. एक तरुण माणूस, दाढी कोरलेली, आपल्या घरात उभा राहून नुसतं बोलायचा आणि खिडक्यांवरचे पडदे सुर्र करून खाली यायचे. त्याच्या घरात कुठे वाळत घातलेला टॉवेल नव्हता, लोणच्याची बरणी नव्हती, आणि मुख्य म्हणजे दुसरं माणूस नव्हतं. घरात माणूसच नसला की काय वाटेल ते आपोआप चालतं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी वहीत आकृत्या काढत होतो.

कुरिअरने सामान आलं. करड्या रंगाचा, उजेड अजिबात आत न सोडणारा गुंडाळी-पडदा. तो जिच्यावर गुंडाळायचा ती नळी. नळीच्या पोटात बसणारी, बॅटरीवर चालणारी मोटर. वर, खाली, थांबा अशा तीन बटनांचा रिमोट. इथे थांबलो असतो तरी इज्जत राहिली असती. रिमोट बायकोच्या हातात दिला असता, तिने दाबला असता, काम झालं असतं. पण रिमोट दाबणारी माणसं मला तेव्हा फार खालच्या दर्जाची वाटायची. मी आणखी एक तळहाताएवढं सर्किट मागवलं, ते रिमोटची खूण शिकतं आणि मग मोबाइलवरून सांगितलं की तीच खूण हवेत सोडतं. ते मी बिस्किटाच्या प्लॅस्टिक डब्यात बसवलं, डब्याला सोल्डरिंगच्या तापल्या सळईने भोकं पाडली, वायरी जोडल्या. डबा आणि इंटरनेटचा खोका रोज दुपारी लाइन, म्हणजे वीज, गेल्यावरही चालू राहावा म्हणून त्यांना इन्व्हर्टरवर घेतलं. इन्व्हर्टरवर त्या खोलीसाठी एकच जागा होती. तिथे आधी बायकोचा पंखा होता. पंखा मी काढला.

पहिल्या दिवशी पडदा खाली यायला लागला तो थांबलाच नाही. कुठे थांबायचं हे त्याला शिकवायचं राहून गेलं होतं. तो शांतपणे खिडकी संपवून खाली आला, कटिंगच्या टेबलावर आला, एका निळ्या पैठणी ब्लाउजपिसावर घडी घालून बसला आणि मग नळीवरून सुटून जमिनीवर आडवा झाला. बायकोने कात्री बाजूला ठेवली, पडदा उचलून माझ्या हातात दिला आणि पुन्हा चादर ओढून घेतली. मी मात्र दिवसभर तिला मर्यादा कशी ठरवतात ते समजावून सांगत होतो.

दुसऱ्या खेपेला तो जिथे थांबायला हवा तिथे थांबला, आणि मी चादर दोरीवरून काढून टाकली. मग माझी अक्कल आणखी पुढे धावली. मी म्हटलं, बटन तरी कशाला दाबायचं? शिवणयंत्र सुरू म्हणजे उजेड पाहिजे, पडदा वर. यंत्र बंद म्हणजे माप चाललंय, पडदा खाली. यंत्राच्या वायरीवर वीज मोजणारा एक चिमटा लावला आणि नियम लिहून टाकला. कागदावर नियम इतका सुंदर दिसत होता की मी तो गणिताच्या सरांनाही दाखवला.

पण शिवणारी बाई दर अर्ध्या मिनिटाला थांबते. दोरा तोडायला थांबते, कापड वळवायला थांबते, बॉबिन बदलायला थांबते, कधी नुसतीच नाक खाजवायला थांबते. ती थांबली की पडदा खाली. तिने पायाने पेडल दाबलं की पडदा वर. दिवसभर हेच. संध्याकाळी कॉलेजातून आलो तर बाकावरचा एक जण रस्ता ओलांडून भेटायला आला.

"सर, वैनीची तब्येत बरी हाये ना?"

"का? काय झालं?"

"तुमचं घर सकाळपासून डोळा मारून राह्यलं ना. आमी म्हटलं, काही बोलावणं हाये का काय."

बाक खो-खो हसला. मी त्यांना सेन्सर म्हणजे काय ते सांगू लागलो. कोणी ऐकलं नाही, ते बरोबरच होतं.

त्या दिवशी बायकोने अट घातली. चिमटा काढायचा. आणि ती खोलीत असताना मोबाइलवरून पडद्याला हात लावायचा नाही. "आधी मले इचारा, मी सांगन तवाच हलवा." मी मान डोलावली. रिमोट मात्र तिला दिला नाही. सर्किटला त्याची खूण पुन्हा एकदा नीट शिकवायची होती, म्हणून तो माझ्या कॉलेजच्या पिशवीत पडून होता. पडदा वर करायचा तर ती मला फोन करायची, मी वर्गाबाहेर येऊन मोबाइलवर बोट दाबायचो; जमलं नाही की पडदा खालीच राहायचा आणि ती आतल्या दाराच्या उजेडावर भागवायची. घरच्या खिडकीवरचा पडदा वर करायला ज्या बाईला कॉलेजात फोन लावावा लागतो, तिच्या नवऱ्याला लोक इंजिनिअर म्हणतील असं मला वाटत होतं.

मग तो दिवस आला. एप्रिलचा महिना, दुपारची वेळ, स्टाफरूममध्ये आम्ही चौघं-पाच जण बसलेलो. लाइन गेली. पंखा हळूहळू थांबला आणि सगळ्यांनी रुमाल काढले. गणिताचे सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "गेलं सर तुमचं ऑटोमॅटिक. आता चालवा पडदा."

"चालते," मी म्हणालो. "मोटर बॅटरीवर, डबा इन्व्हर्टरवर."

"सांगायले काय जाते?"

"दाखवू?"

"दाखवा ना मंग."

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण या सगळ्यात हाच भाग सर्वात लाजिरवाणा आहे. अट मला आठवत होती. पण मी हिशेब केला : लाइन गेली म्हणजे यंत्र बंद. यंत्र बंद म्हणजे बायको खोलीत नाही. ती आता स्वयंपाकघरात असणार, नाही तर शेजारी ओट्यावर पदराने वारा घेत बसलेली असणार. खोली रिकामी. मी वर्गात मुलांना सांगतो तसं, दोन विधानं आणि एक निष्कर्ष.

मोबाइल टेबलावर ठेवला, सगळे वाकले. 'वर' दाबलं. हिरवी खूण आली. "गेला वर," मी म्हणालो. 'खाली' दाबलं. हिरवी खूण. पुन्हा 'वर'. पुन्हा 'खाली'. गणिताच्या सरांना पटेना, म्हणून शेवटी पुन्हा 'वर' दाबलं आणि अर्ध्या किलोमीटरवर माझ्या हुकमाने उजेड आत येत असल्याच्या थाटात खुर्चीत मागे रेललो.

तेवढ्यात गणिताच्या सरांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची बहीण होती, वरवट बकालला दिलेली, पुतणीच्या लग्नासाठी आठवडाभर आधी येऊन राहिलेली आत्याबाई. आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"दादा, कोन्या घरी पाठवलं रे आमाले? पोरगी अर्ध्या टाचण्यांत उभी हाये आन पडदा वर जाऊन राह्यला, खाली येऊन राह्यला, पुन्हा वर जाऊन राह्यला! समोर बाकावरचे समदे उठून उभे राह्यले! आता तर वरच जाऊन बसला तो!"

गणिताच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे. 'खाली' दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं आणि खाली ओळ आली की उपकरण सापडत नाही. माझी बायको शहाणी आहे. भूत कशात आहे हे ओळखून तिने डब्याची पिन ओढून काढली होती. त्यामुळे पडदा होता तिथेच राहिला, वर. आणि तो खाली आणणारं एकमेव साधन, म्हणजे रिमोट, माझ्या पिशवीत, माझ्या मांडीवर.

मी पळत निघालो. भर उन्हात, पिशवी हलवत, एमएस्सी. पानठेल्यापाशी पोचलो तर बाकावरून हाक आली, "या सर, या! दोन अंक झाले, तिसऱ्याची वाट पाहून राह्यलो."

घरात पाऊल टाकलं. नवरी मुलगी कपाटाआड साडी गुंडाळून उभी होती, रडत होती. आत्याबाई तिच्यापुढे ढालीसारख्या. आणि बायको खिडकीसमोर, दोन्ही हात पसरून, अस्तराचं लाल कापड काचेला दाबून धरलेलं. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. ते माझं नशीब. मी रिमोट दाबला. पडदा त्याच संथ ऐटीत, कसली घाई नसल्यासारखा खाली आला.

बायकोने कापड सोडलं. ओठांतून एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सगळ्या खोचून झाल्यावर माझ्याकडे वळली.

"लाइन गेली की मी काय करते?"

"काय म्हणजे... तू आत... स्वयंपाकघरात..."

"चौदा वर्सं झाले या घरात. लाइन गेली की मशीन बंद. मशीन बंद राह्यली की मी मापं घेते, ट्रायल घेते, हूक-काजं करते. म्हनूनच लाइन असते तवा शिवून होते. समद्या बायायले माहीत हाये. लाइन जायची वाट पाहते त्या, आन गेली की निंगते घरून. तुमालेच तेवढं माहीत नाई."

गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेलं वेळापत्रक मला ठाऊक नव्हतं, आणि त्या वेळापत्रकाच्या बरोबर उलटा हिशेब करून मी पाचदा बोट दाबलं होतं. ओहमचा नियम मात्र मला तोंडपाठ.

ट्रायलला आला होता तो फक्त हळदीचा ब्लाउज; आत्याबाई तोवर बाकीची न कापलेली ब्लाउजपिसं पिशवीत भरायला लागल्या होत्या. नवरीचा शालू-ब्लाउज, करवल्यांचे, जावांचे, सगळे. "बसस्टँडवालीपाशी कडी तरी हाये दाराले," त्या पिशवीची चेन ओढत म्हणाल्या.

बायकोचा चेहरा उतरला. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने नुसता हात वर केला. मग आत्याबाईंना म्हणाली, "आत्याबाई, पिशवी तुमच्यापाशीच ठेवा. उद्या लाइन गेली की पोरीले घेऊन या. कोपऱ्यात काठी लागलेली नसली, तर ही पिशवी मी सोता बसस्टँडपाशी नेऊन देईन."

आत्याबाईंनी मला आपादमस्तक पाहिलं, बाजारात बैल पाहावा तसं, आणि तोही न घेण्याचा. "आन याहीचा मोबाईल?"

"बटनाच्या डब्यात राहीन. माह्यापाशी."

अशी माझ्या तंत्रज्ञानाची जप्ती झाली. दुपारी मोबाइल हुका-बटनांच्या पत्र्याच्या डब्यात गेला, झाकण लागलं, वर कात्री ठेवली. करडा पडदा, मोटर, नळी, बिस्किटाचा डबा, सगळं मी उतरवलं. पंखा पुन्हा इन्व्हर्टरवर लावला. चादर परत दोरीवर गेली, आणि खरं सांगतो, एका ओढीत लागली.

राहिली काठी. सुताराकडे गेलो, तो पलंगाच्या पाट्यांमध्ये बुडालेला. "सर, काठी लावाले सुतार लागते का?" तो म्हणाला आणि पुन्हा रंधा मारू लागला. मग दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून मीच हातोडी घेतली. कोपऱ्यातल्या दोन भिंती, दोन मोठे खिळे, एक बांबू. काठी समपातळीत आहे की नाही हे पाहायचं माझ्याकडे एक साधन होतं, पण ते मोबाइलमध्ये होतं आणि मोबाइल डब्यात. मागायची हिंमत झाली नाही. डोळ्याने अंदाज घेतला. फळ्यावर आडवी रेघ मारायची सवय असलेला डोळा आहे, त्यावर विसंबलो. बायकोने रात्रीच शिवलेला जाडा निळा पडदा कड्यांसकट बांबूवर चढवला.

दुपारी लाइन गेली. घड्याळ लावावं तशा आत्याबाई आणि नवरी आल्या. पिशवी आत्याबाईंच्या खांद्याला, चेन लावलेली. त्या आधी डब्याकडे गेल्या, झाकण उघडून मोबाइल आत असल्याची खात्री केली, झाकण लावलं. मी दाराशी उभा. मला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

नवरी, बायको आणि आत्याबाई कोपऱ्यात गेल्या, पडदा ओढला गेला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच क्षणी पडदा हळूच, कड्या खुळखुळवत, आपला आपण उघडायला लागला. बांबू उजवीकडे उतरता होता. मोटर नाही, बॅटरी नाही, मोबाइल नाही, पडदा आपोआप चालत होता. तीन महिने मी ज्यासाठी झिजलो ते शेवटी दोन खिळ्यांनी साधलं होतं.

आतून बायकोचा हात बाहेर आला. तिने पडदा परत ओढला आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावून बांबूला जखडला. मी पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड केलं. आत टाचण्यांचा, कुजबुजीचा आवाज. मग नवरीचं हसू ऐकू आलं, "आत्या, हात वर होते पूर्ण, बरोबर बसला." थोड्या वेळाने पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला आणि एकामागून एक ब्लाउजपिसं कटिंगच्या टेबलावर पडू लागली. बायको मोजत नव्हती, पण मी पाठमोरा मोजत होतो. सगळी बाहेर आली.

मी हळूच वळलो. आत्याबाई पडद्याबाहेर आल्या होत्या आणि मान तिरपी करून बांबूकडे पाहत होत्या. मग तीच तिरपी मान त्यांनी माझ्याकडे वळवली, आणि मी तिथे नसल्यासारखं बायकोला विचारलं,

"एक काठी होती वो बाई, थेबी याहीले सरळ लावता नाई आली. कालेजात पोरायले शिकवते तरी काय हा मानूस?"